सोडलेल्या माणसाचा सत्कार

मी चुकीच्या पेटीसमोर रडलो.

मिल्या, हे आधीच सांगून टाकतो. दुसऱ्या कोणाकडून कळलं तर तू वरून मला जन्मभर चिडवशील. अबूधाबीच्या शवागाराला लागून जी खोली आहे ना, तिथे विमानात चढवायला तयार झालेल्या पेट्या ओळीने ठेवलेल्या होत्या. माझा चष्मा गाडीत राहिला, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे तुझ्या चेहऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती. म्हणून पायाशी उभा राहिलो, आणि पायाकडून बघितलं की माणसं सगळी सारखीच दिसतात रे. हार ठेवला, हात जोडले. मग तुला माहीतच आहे, मला गप्प राहता येत नाही. तू परत पीत होतास एवढंच तोवर कळलं होतं, त्यावरूनच सुरू झालो.

"गाढवा, दारू परत सुरू केली होतीस तर एक फोन करायचा होतास. मी काय खाल्लं असतं तुला? मासे आणायला जातो म्हणे अजमानला! अरे, दारू प्यायची तर पी, पण मला सांगून तरी पी!"

असा हुंदके देत, नाक पुसत, बराच वेळ. शेवटी कोणीतरी हलकेच खांद्यावर हात ठेवला. दाढीवाला, थकलेला, केरळकडचा माणूस.

"भाईसाब, ये मेरा बड़ा भाई है. जोसेफ. और दारू तो ये कभी छुआ भी नहीं."

मी त्याची माफी मागितली. मराठीत, हिंदीत, मग त्याला 'सॉरी हबीबी' असंही म्हणालो, का ते विचारू नकोस. त्याने माझा हात सोडला नाही. "कोई बात नहीं," म्हणाला. "इधर इसके लिए रोनेवाला कोई और था भी नहीं." आता त्यानंतर हार परत कसा मागणार? तुझा हार जोसेफकडे गेला. तुझ्या पेटीशी आलो तेव्हा माझे हात रिकामे होते, आणि बोलायचं होतं ते सगळं बोलून झालं होतं.

अनघावहिनी दाराशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. त्या हसल्या. तू गेल्याचा फोन आल्यापासून पहिल्यांदा हसल्या, आणि हसता हसता तिथेच फरशीवर बसल्या. मीही शेजारी बसलो. मग त्या म्हणाल्या, "भावजी, सगळ्यांना हार्ट अटॅक म्हणून सांगतायत. हार्ट नव्हतं हो."

"मग?"

"ते पीत होते म्हणून नाही गेले. सोडत होते म्हणून गेले."

हॉस्पिटलच्या डॉक्टरने त्यांना नीट समजावून सांगितलं होतं. दूर रुवैसला, प्लांटवरच्या तुझ्या त्या कंपनीच्या खोलीत, रूममेट ड्यूटीवर असताना, तू एकट्याने, एका झटक्यात बंद केलीस. जो वर्षानुवर्षं रोज पितो त्याचं शरीर असं एकदम बंद केलं की बिथरतं. हात कापतात, घाम फुटतो, भास होतात, आणि मग एखाद्याला फिट येते. तुला आली. रूममेट परतला तेव्हा खूप उशीर झाला होता. डॉक्टर म्हणाला, यांनी कोणाला तरी विचारायला हवं होतं, यावर औषधं असतात, हळूहळू उतरवता येते.

तुला हे माहीत नव्हतं का? तुला चांगलं माहीत होतं. पहिल्यांदा सोडलीस तेव्हा पुण्यात, सुट्टीत, भावाच्या घरी राहून, डॉक्टरच्या गोळ्या घेऊन, टप्प्याटप्प्याने सोडली होतीस. मग या वेळी डॉक्टरकडे का गेला नाहीस, असा प्रश्न जग विचारेल. मला विचारायची गरज नाही. मला उत्तर माहीत आहे, आणि ते मीच आहे. मी, आणि माझ्या हातातला माईक.

तो गणपतीचा दिवस तुला आठवतो, मलाही आठवतो, आणि हॉलमधल्या सगळ्यांना आठवतो, हीच तर भानगड आहे. आरती झाली होती. अथर्वशीर्ष पाठांतराच्या बक्षिसांना वेळ होता, कारण बक्षिसं कोणाच्या तरी गाडीत राहिली होती आणि गाडी शेख झायेद रोडवर अडकली होती. देसाईसाहेब म्हणाले, "पद्माकर, जरा वेळ काढ." मंडळाचे अध्यक्ष वेळ काढ म्हणाले की मी काहीही काढतो. दोन विनोद सांगितले, त्यातला एक दर वर्षीचाच होता. लोक हसेनात. मग मला तू दिसलास, तिसऱ्या रांगेत, कोकम सरबताचा ग्लास हातात, किती महिन्यांनी चेहऱ्यावर रंग आलेला. आणि माझं प्रेम उफाळून आलं. माझं प्रेम उफाळून आलं की कोणाचं तरी वाटोळं होतं, हे सुनंदा मला लग्न झाल्यापासून सांगत आली आहे.

"मंडळी," मी म्हणालो, "आज आपल्यात एक वाघ बसलाय. ज्याने बाटलीशी झुंज दिली, आणि बाटलीला चीत केलं!"

टाळ्या. बायकांनी मागे वळून पाहिलं. तुझ्या कंपनीतले दोघे-तिघे होते, त्यांनीही पाहिलं. तुझी रेवा आपल्या मैत्रिणींमध्ये बसली होती, तिने मान खाली घातली. आणि देसाईसाहेबांना उत्साह आला. एका प्रायोजकासाठी आणलेली शाल आणि श्रीफळ तिथे होतंच, तो आला नव्हता. तुला स्टेजवर बोलावलं. दारू सोडल्याबद्दल शाल-श्रीफळ देऊन सत्कार! आपल्या लोकांशिवाय जगात दुसरं कोणी हे करेल का? डोकेदुखी थांबली तरी आपण पुष्पगुच्छ देऊ.

कार्यक्रम संपल्यावर मी तुला गाडीतून घरी सोडत होतो. शाल मांडीवर घडी करून ठेवली होतीस. मग म्हणालास, "पद्या, आता घसरलो तर कुणाला सांगू?"

"कशाला घसरशील?"

"सगळे घसरतात रे. पुण्याच्या डॉक्टरने सांगितलंय, घसरणार, घसरलास की लगेच ये, लाजू नको. आता कुणाच्या तोंडाने जाऊ? शाल परत करून जाऊ का?"

मी म्हणालो, "शाल ठेव. नारळ बर्फी करायला सुनंदाला दिलाय."

तू हसलास. माझ्या विनोदांना तू नेहमी हसायचास, हाच तुझा मोठा दोष होता. नसता हसलास तर कदाचित मी ऐकलं असतं.

त्यानंतर तू पुतळा झालास. लिफ्टमध्ये कोणी भेटलं की "ग्रेट यार मिलिंद, किती महिने झाले?" पार्टीत सगळ्यांच्या हातात काय ते असायचं आणि तुला यजमान स्वतः, समारंभाने, छत्री लावलेलं मॉकटेल आणून द्यायचा. "हे आपल्या मिलिंदसाठी, स्पेशल." एका बाईंनी आपल्या नवऱ्याला तुझ्यासमोर उभं करून सांगितलं, "बघा, शिका." तो नवरा तुझ्याकडे ज्या नजरेने बघत होता ती मला अजून आठवते. आणि मी, मी तर आरोग्य सप्ताहात तुझं भाषण ठेवलं, 'इच्छाशक्तीचा विजय'. तू नको म्हणालास. मी म्हणालो, पोस्टर छापून आलंय. तू आलास, बोललास, उत्तम बोललास. आता हिशेब लागतो की त्या भाषणाच्या वेळी तुझी परत सुरू झालेली होती.

आणि ते अजमानचे मासे! आठवडाभर रुवैस, शुक्रवारी संध्याकाळी कंपनीच्या बसने इतकं अंतर कापून शारजाला, अल मजाजच्या घरी, आणि शनिवारी सकाळी तुझी अजमानची फेरी. शारजात दारू मिळत नाही, बाळगली तर पोलीस पकडतात, पण अजमान पलीकडेच आहे. "सुरमई अजमानची ती अजमानचीच," असं तू इतक्या गंभीरपणे सांगायचास की मी सुद्धा इकडे दुबईत, करामातल्या माझ्या मासेवाल्याशी त्यावरून भांडलो. तू दोन-दोन तास लावायचास. मी चिडून फोन करायचो, "सुरमई पकडायला गेलायस का?" मग तू यायचास, च्युइंगगम चघळत, आणि वहिनी मासे तळायच्या. मिल्या, तुझा बहाणा आम्ही दर शनिवारी रवा लावून, तळून, लिंबू पिळून खाल्ला. आणि "अजून एक वाढा" म्हणालो.

एकदा चहाचा कप तुझ्या हातात खडखडत होता. मी म्हणालो, "काय सेफ्टी ऑफिसर, भूकंप आला का?" तू म्हणालास, "बसमधला एसी हाडात गेलाय." मी मान्य केलं. बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं, पण मी मान्य केलं. वहिनींना कधी कळलं, तू विचारशील. त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं. त्या काल म्हणाल्या, "मी कोणाला सांगणार होते भावजी? तुम्हाला? तुम्ही तर पोस्टर छापत होतात." नवऱ्याच्या नोकरीवर व्हिसा, व्हिसावर घर, घरावर रेवाची बारावी. एक वीट काढली की सगळं खाली. तू आत कोंडलेला, त्या तुझ्यासकट कोंडलेल्या, आणि कड्या बाहेरून आम्ही लावलेल्या, वर फुलांची माळ सोडून.

आपलं भांडण अर्धं राहिलं, ते आता मी एकटाच भांडतो. खालिद लगूनच्या काठाने चालताना आपण किती वेळा भांडलो. माझं म्हणणं एकच: कोणी तोंडात ओततंय का? ज्याची दारू त्याची जबाबदारी. तू म्हणायचास, "आमच्याकडे प्लांटमध्ये अपघात झाला आणि कोणी रिपोर्टात मूळ कारण म्हणून 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहिलं, की मी तो कागद परत पाठवतो. निष्काळजी का होता? झोप झाली नव्हती. झोप का नाही? डबल शिफ्ट. डबल शिफ्ट कोणी लावली? तिथपर्यंत गेल्याशिवाय मी सही करत नाही."

"म्हणजे पिणारा निर्दोष? छान आहे, मीही सुरू करतो."

"निर्दोष कोण म्हणालं? पडला तो, पाय त्याचाच मोडला. पण पुढचा पडू नये असं वाटत असेल तर फक्त त्याच्याकडे बघून भागत नाही." आणि मग तू ते नियर मिसचं सांगायचास. अपघात होता होता टळला, तर कामगाराने ते लगेच सांगायचं, सांगणाऱ्याला शिक्षा नाही, उलट आभार. "घरात तसं नसतं पद्या. घरात होता होता टळलं की आपण म्हणतो, वाच्यता नको."

मी म्हणायचो, "तुझी ती टूलबॉक्स टॉक, सेफ्टीची प्रवचनं, तिकडे रुवैसला दे, इथे शेंगदाणे खा."

मला अजून वाटतं की माझं थोडं तरी बरोबर होतं. तूही लपवलंस. तू माझ्या डोळ्यांत बघून एसीचं कारण दिलंस, रेवाला दिलंस, वहिनींना दिलंस. एक वाक्य बोलला असतास, शिव्या घातल्या असत्यास, शाल माझ्या तोंडावर फेकली असतीस. मी तुझ्यावर रागावलोय, हे लिहिताना सुद्धा रागावलोय. मग लगेच तुझा आवाज येतो: सांगितलं का नाही? कारण सत्कार झाला होता. सत्कार कोणी केला? आणि माझा कागद परत येतो.

तू माझं काय केलं होतंस ते कोणाला माहीत नाही, कारण तू कधी कोणाला सांगितलंच नाहीस. माझी नोकरी गेली होती त्या उन्हाळ्यात मी सोफ्यावरून उठत नव्हतो. दाढी वाढलेली, पडदे ओढलेले, सुनंदा ऑफिसला गेली की मी भिंतीकडे तोंड करून पडायचो आणि नको नको ते विचार करायचो. मंडळात मी सांगितलं होतं की पाठ धरलीय. तू शुक्रवारी बसमधून उतरून घरी न जाता थेट करामाला यायचास. एक शब्द उपदेशाचा नाही. "भूक लागलीय. फोडणीचा भात कर." मी म्हणायचो, जमत नाही. तू म्हणायचास, मग दोघं उपाशी बसू. शेवटी मी उठायचो, कांदा चिरायचो. तू ओट्याशी उभा राहून खायचास आणि दर वेळी म्हणायचास, "मीठ जास्त झालंय." एकदा मी विचारलं, "मिल्या, मी वेडा होतोय का?" तू म्हणालास, "नाही. आजारी आहेस. उद्या डॉक्टरकडे जाऊ." आणि नेलंस. मी बरा झालो, नोकरी लागली, परत माईक हातात घेतला. तू कधी, गमतीत सुद्धा, चारचौघांत त्याचा उच्चार केला नाहीस. तुझ्या तोंडात माझं गुपित असं राहिलं. माझ्या तोंडात तुझं एक गणपतीही टिकलं नाही.

तर, अबूधाबीहून परत येताना. गाडी निलेश चालवत होता. तोच, आपल्या मंडळाचे जमाखर्च बघणारा, ऑडिट फर्ममधला, सगळ्यांना दादा म्हणणारा. मागे वहिनी आणि रेवा. देसाईसाहेबांचा फोन आला. "पद्माकर, ग्रुपवर काहीतरी टाकायला हवं. तुझ्या शब्दांत लिही. हार्ट म्हण. मुलीचं पुढे सगळं व्हायचंय." मी लिहिलं. 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने', असं. मेसेज पडला तसे मागच्या सीटवर फोन वाजले, आणि रेवाने वाचलं.

"काका, हूज हार्ट?" ती म्हणाली. "बाबाज हार्ट वॉज फाइन."

निलेशने आरसा उगीच नीट केला. ती परत म्हणाली, "ही वॉज ट्राइंग टु स्टॉप. व्हाय इज दॅट द शेमफुल पार्ट?"

तुझी मुलगी आहे, मिल्या. प्रश्न विचारत मागे मागे जाते.

तू विमानाने पुण्याला गेलास, वहिनी आणि रेवा बरोबर गेल्या आणि सगळं उरकून परत आल्या, कारण रेवाची परीक्षा आहे आणि व्हिसाची मुदत चालू आहे. मग रविवारी अल मजाजच्या तुझ्याच घरी शोकसभा झाली. मी बोलणार हे ठरलेलंच होतं, आणि मला एवढंच ठरवायचं होतं, की हार्ट म्हणायचं की खरं सांगायचं. वहिनी म्हणाल्या होत्या, "तुम्हाला जे योग्य वाटेल ते." मला योग्य काय वाटतं यावर इतका विश्वास टाकणारी ही दुनियेतली शेवटची बाई असावी.

त्या आधीच तुझ्या हार्टने मंडळात केवढी जागृती केली होती! दिवाणखान्यात बसून लोक कुजबुजत होते, आणि विषय एकच. जोशींनी लिपिड प्रोफाइल करून घेतलं होतं. कुलकर्ण्यांच्या घरात तूप बंद झालं होतं. देसाईसाहेब स्वतः ट्रेडमिल टेस्ट करून आले होते आणि डॉक्टरने आपल्याला तरुण म्हटल्याचं सांगत होते. तू गेलास, आणि अख्ख्या मंडळाचं कोलेस्टेरॉल तपासून झालं. मला हसू येत होतं आणि ते दाबायला मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो.

निलेश तिथे होता. सिंकला धरून उभा. एसी चालू होता आणि त्याचा शर्ट पाठीला चिकटलेला.

"दादा," तो हळूच म्हणाला, "मी पण बंद केली. मिलिंददादाचं ऐकल्यापासून मनात होतं, परवापासून खलास. घरातलं सगळं ओतून दिलं."

"तू? तू पीत होतास?"

"रोज. कोणाला माहीत नाही. मिलिंददादाच्या भाषणाला मी पहिल्या रांगेत होतो. तेव्हाच ठरवलं होतं, पण जमलं नाही. रेवा गाडीत काही म्हणाली, पण तुम्ही हार्टच लिहिलंत. ते पिण्यामुळेच गेलं ना? आता जमवणारच. फक्त झोप नाही, आणि हे बघा." त्याने हात पुढे केला. पाण्याच्या ग्लासातलं पाणी आपोआप हलत होतं.

मिल्या, माझ्या जिभेवर काय आलं असेल? "शाब्बास!" खरंच आलं. श पर्यंत आलं. हात त्याच्या पाठीवर थाप मारायला उचलला गेला होता. दुसऱ्या कोणत्याही दिवशी मी त्याला दिवाणखान्यात नेऊन उभा केला असता आणि म्हणालो असतो, मंडळी, आज आपल्यात अजून एक वाघ आहे. त्याला आम्ही शाल दिली असती, आणि तो घरी जाऊन, दार लावून, एकटा पडला असता. कारण आपला मिलिंद हार्टने गेला, असं त्याला मी माझ्या शब्दांत लिहून कळवलं होतं.

मी त्याला म्हणालो, "इथेच थांब. खाली बस. हलू नकोस." आणि वहिनींकडे गेलो. त्या बायकांमध्ये बसल्या होत्या.

"वहिनी, सांगू का? खरं? आत्ता?"

"यावेळी विचारताय," म्हणाल्या. मग रेवाकडे पाहिलं. रेवाने मान हलवली. "सांगा."

मी बोललो. माईक नव्हता. म्हणालो, मिलिंदला हार्ट नव्हतं. तो परत पीत होता, आणि आपल्या कोणालाही न सांगता, डॉक्टरशिवाय, एकट्याने सोडायला गेला. असं एकदम सोडणं जिवावर बेतू शकतं, ते बेतलं. तो डॉक्टरकडे गेला नाही कारण आपण सगळ्यांनी त्याचा आधीच सत्कार करून ठेवला होता. सोडलेल्या माणसाने परत सोडायला मदत कुणाकडे मागायची? इथे कोणी पीत असेल, किंवा कालपरवा बंद केली असेल, तर मला सांगू नका, मी तोंडाचा फाटका आहे. डॉक्टरला सांगा.

बस. एकही विनोद नाही. जोशी उठून चपला शोधायला गेले. एका बाईंनी नवऱ्याचा हात धरला, घट्ट, आणि तो नवरा तोच होता, 'बघा, शिका'वाला. देसाईसाहेब माझ्या कानाशी म्हणाले, "याची काही गरज नव्हती पद्माकर. मुलीचा विचार करायचा." मुलगी त्यांच्या मागेच उभी होती. "थँक यू, काका," ती म्हणाली, पण मला, त्यांना नाही.

मी स्वयंपाकघरात गेलो. निलेश खाली बसून भिंतीकडे बघत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. "मला पण येईल का?" म्हणाला. "फिट?"

"मला काय माहीत? मी डॉक्टर आहे का? यल्ला, ऊठ."

"नको दादा. इन्शुरन्स कार्डावर चढेल. ऑफिसला कळेल. माझा मुलगा इथे दुसरीत आहे." तेच, मिल्या. तीच वीट, तेच घर. मला त्याला सांगता आलं नाही की कळणार नाही, कारण मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "माझं नाव सांग." तो म्हणाला, "आयडी मागतात." मी म्हणालो, "मग तुझंच सांग. पण चल." त्याच्या बायकोला फोन केला, ती थेट क्लिनिकवर येते म्हणाली. ती रडत नव्हती. तिने फक्त विचारलं, "तो कबूल झाला?" तिलाही माहीत होतं, अर्थातच. घरातल्यांना नेहमीच माहीत असतं.

गाडी मी चालवली. तो शेजारी खिडकीला डोकं टेकून, घामाने भिजलेला. मी सारखा त्याच्याकडे बघत होतो आणि सारखी लेन चुकत होतो. मागचे हॉर्न मारत होते. करामातल्या माझ्या घराजवळच्या क्लिनिकमध्ये डॉक्टरीणबाई हैदराबादकडच्या, वयाने मोठ्या, चष्मा नाकाच्या टोकावर. निलेशला समोर बसवलं, मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो. त्याला आधार म्हणून.

"क्या तकलीफ है?"

"डॉक्टर, इनको थोड़ा वीकनेस है," मी म्हणालो.

"नींद?"

"नींद बराबर नहीं. काम का टेन्शन है ना, ऑडिट का सीझन."

"पीते हैं?"

निलेशने तोंड उघडलं. "थोड़ा," मी म्हणालो. "वीकेंड को. दोस्तों के साथ."

काय सांगू तुला, ते माझ्या तोंडातून आपसूक निघालं, वर्षानुवर्षांच्या सवयीने, त्याची अब्रू वाचवायला. बाईंनी पेन खाली ठेवलं. निलेशच्या हाताकडे पाहिलं, मग चष्म्यावरून माझ्याकडे.

"पेशंट आप हैं?"

"नहीं डॉक्टर. मैं दोस्त हूँ."

"तो बाहर बैठिए. जब तक आप बोलते रहेंगे, ये सच नहीं बोल पाएगा."